बद्द आवाज

तुला खांदा दिला तो संघानंच, टिडेके.
चौघं जुने मास्टर, घोट्यापर्यंत चिखल,
आणि मेण संघाच्या पेटीतलं.
त्याच पेटीतलं, जिच्यात तू बावीस वर्षं
दर तिमाहीला दोन फेनिग टाकत आलास,
कुरकुरत.
पैसे समुद्रात गेले, म्हणायचास.
नाही गेले. सहा मेणबत्त्या जळल्या तुझ्या उशाशी.
मागच्या गल्लीतला हमाल त्याच आठवड्यात वारला,
त्याला एकही मिळाली नाही.

नवव्या दिवशी फोल्क्विन आला,
काखेत वही, हातात टोपी.
बसला नाही.
"गेसे, एक वर्ष आणि एक दिवस.
तोवर दुकान तुझं, छाप टिडेकेची.
मग भट्टी विझव,
नाहीतर संघातल्या कुणा कारागिराशी लग्न कर.
विस्मारच्या पिंपवाल्यांची रीत आहे."
रीत त्यानं केलेली नव्हती.
त्याच्या आईलाही तीच लागली होती.
हे तो बोलला नाही,
टोपी मात्र फिरवत राहिला.

वर्षभर पिंपं केली.
ओकच्या फळ्या, हेझलच्या कड्या,
आतून जाळ, बाहेरून पाणी,
आणि फळी नमते तेव्हाचा तो वास,
तुझ्या सदऱ्यात असायचा, आता माझ्या केसांत.
फळी नमणार की मोडणार
हे आधी ऐकू येतं.
तुला शेवटी कमी ऐकू यायचं.
पाच वर्षं प्रत्येक पिंप वाजवून बघितलं ते मी,
तापली छाप डागलीस ती तू.
स्कोनेच्या किनाऱ्यावर हेरिंग भरणाऱ्या बायकांना
हे कोण सांगणार, आणि कशाला?
खारं पाणी गळलं नाही,
एवढंच त्यांना ठाऊक.

लग्न केलं. वुल्बर्नशी.
चोवीस वर्षांचा आहे.
आपला थोरला जगता, तर एवढाच असता.

त्यानं संघाच्या दालनात शपथ घेतली.
बीअर मी आंबवलेली, दोन पिंपं,
ती आत गेली.
मी उंबऱ्याबाहेर.
आतून हसणं ऐकू आलं, मग गाणं,
मग एक बाक पडल्याचा आवाज.

सोमवारी त्याचं मास्टर म्हणून पहिलं पिंप.
नवी छाप तापून लाल,
त्याचे कानही.
मी बोटाच्या पेरानं वाजवलं,
वरून, मधून, मग वाकून तळाशी.
डाव्या अंगाला
बद्द.

"मास्टर," म्हटलं
(तो शब्द अजून त्याला चावतो, नव्या जोड्यासारखा),
"पुन्हा."

त्यानं छाप पाण्यात बुडवली. चर्र झालं.
मांडी घालून कड्या उतरवायला बसला.

फोल्क्विन दारावरून चालला होता, थबकला.
ऐकलं त्यानं.
वही काखेतच राहिली.
वारा फिरलाय, म्हणाला,
आणि गेला.