खोटा चरक

ताबूत स्ट्रीटवर चष्म्यांच्या दुकानावरचा हॉल.
मंगळवार. चार टेबलं, एक कुरकुरता पंखा,
आणि गानू, पाटबंधारे खात्यातून निवृत्त,
पाणी कुठे अडवायचं ते ज्याच्या बोटांना अजून आठवतं.

सहा किलवर बोलला.
मी चौकटची उतारी केली. तो हात त्याने फ्रेनीला सोडला,
भाजीवालीकडे सुटे पैसे सोडावेत तसा.
तेव्हाच ओळखायला हवं होतं:
चरक लावणारा आधी एक हात हरून घेतो.

चरक हा आमच्या टेबलाचा शब्द,
स्क्वीझ म्हणताना गानूची कवळी हलते म्हणून.
एकेरी चरक: दोन रंगांची राखण एकाच्याच गळ्यात.
दुहेरी: आधी डावा पिळायचा, मग उजवा,
मधला रंग कुणालाच धरवत नाही.
आणि एक असा, की आपलाच पार्टनर आपले हात वाजवत सुटतो
आणि पिळले जातो आपण.
त्याला आम्ही नाव ठेवलेलं नाही. लग्न झालेली माणसं आहोत.

गानू किलवर ओढत राहिला. एक. अजून एक.
माझ्या चौकटी गेल्या, बदामची बारकी पानं गेली.
उरली तीन:
इस्पिकचा राजा, इस्पिकची राणी, बदामचा एक्का.
समोर डमीत बदामचा राजा, माझ्याकडे बघत.
गानूने टाकली किलवरची दुर्री.

दुर्री.
अख्ख्या गड्डीत तिच्याहून गरीब कुणी नाही,
पण हुकूम.

एक्का सोडला तर तो राजा मोठा होतो.
राणी सोडली तर माझा राजा एकटा.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक. किक.
एक्का कोण टाकतं हो?
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी भांडाराच्या किल्ल्या सांभाळल्या.
राणी टाकली.

इस्पिकचा एक्का आला, राजा पडला,
मागून गुलाम, सावकाश, चहाला आल्यासारखा.

गानूकडे बदाम नव्हताच.
एकही नाही, पहिल्यापासून.
डमीतल्या राजापर्यंत जायला वाटच नव्हती.
चरक नव्हताच तिथे, नुसती घुंगरं वाजत होती,
आणि मी रस दिला.

फ्रेनी पानं गोळा करताना एवढंच म्हणाली,
"मी बदामची अठ्ठी टाकली होती. मग पंजी."

अठ्ठी, मग पंजी. म्हणजे माझ्याकडे चार आहेत.
त्या डावात तिने माझ्याशी केलेलं एवढंच बोलणं,
आणि मी गानूचं कपाळ वाचत बसलो होतो.

होळकर पुलावर रिक्षात पुन्हा मोजले:
डमीत चार, माझे पाच, फ्रेनीचे चार.
तेरा.
सातवीतलं पोरगंही सांगेल.

घराशी रिक्षावाला म्हणाला, काका, सुटे द्या.
खिशात होते. बोटांना लागत होते.
तरी मी म्हटलं,
बघतो.