ब्याऐंशी अंश

जानेवारीचा दुसरा आठवडा.
उद्यमनगरात शटर अर्धंच वर घेतलं होतं
तेवढ्यात दस्तगीर जमादारची जीप येऊन उभी.
"हिटर गार वारं मारतोय," म्हणाला.
मी हसलो. कोल्हापुरात हिटर
कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.
एसीचं विचार, म्हटलं, पंख्याचं विचार.
तो हसला नाही.

आठवड्यातनं तीनदा, पहाटे चारला
गगनबावड्याकडची चार माणसं तो खाली आणतो
डायलिसिसला.
येताना गप्प असतात, जाताना कुडकुडतात.
चार तास बाहेर फिरून आलेलं रक्त
म्हणे लवकर ऊब धरत नाही.
बाळाक्का तर दोन घोंगड्यांत दात वाजवते,
आणि माझी गाडी, तो म्हणाला,
तिच्या गुडघ्यांवर फुंकर घालतीया.

बॉनेट उघडलं.
पाणी पुरेसं. दोन्ही होज दाबून पाहिले,
एक कोमट, दुसरा त्याहून कोमट.
कॉक उघडा, केबल ओढतेय.
उलट्या पाण्यानं हिटरची जाळी धुतली,
आधी चहासारखा गंज आला, मग नितळ.
गाडीचं तोंड चढावर लावून, झाकण काढून
हवेचे बुडबुडे मोजत बसलो.
पुन्हा सुरू. पुन्हा गार.
अर्धा तास इंजिन घुरघुरतंय
आणि काटा पहिल्या रेघेवरनं उठायला तयार नाही.

आयटीआयची अस्मिता माझ्याकडं शिकायला येते.
दोन बोल्ट काढून ती आत बघत होती.
"काका, थर्मोस्टॅट कुठाय?"

नव्हता.
रिकामी खोबण. पॅकिंग नीट कापून बसवलेलं,
कडेला लाल शेलॅकची रेघ
डावीकडून उजवीकडं, अंगठ्यानं पुसलेली.
माझी सवय आहे ती.

आठ वर्षांपूर्वीचा कुठलातरी मे.
तेव्हा मालक वेगळा होता, गाडी तापत होती.
काढून टाका ती भानगड, असं तो म्हणाला असेल
किंवा मीच म्हणालो असेन.
आम्ही सगळेच काढायचो.
आपल्याकडं कशाला लागतोय.

तो पाण्याला म्हणतो, थांब जरा, ताप, मग जा.
तो नसला की पाणी नुसतं पळत राहतं,
इंजिन, रेडिएटर, इंजिन,
कुठंच ऊन होईपर्यंत बसत नाही.

बिस्किटाच्या डब्यात सतरा निघाले.
एक बसेलसा वाटला.
पलीकडच्या चहाच्या गाड्यावरनं पातेलं आणलं,
तारेला बांधून तो उकळत्या पाण्याच्या वाटेला लावला.
अस्मिता तापमापक मोठ्यानं वाचत होती,
साठ. सत्तर. अठ्ठ्याहत्तर.
पितळी डोळा मिटलेलाच.
दस्तगीरही शेजारी उकिडवा बसला.
ब्याऐंशीला केसाएवढी फट पडली.
आतलं मेण वितळलं की उघडतो, मी सांगितलं.
तेवढंच सांगितलं.

संध्याकाळी तिघं निघालो बघायला.
फुलेवाडीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो,
काटा मात्र चढत होता.
बालिंग्याच्या पुलावर आधी जळक्या धुळीचा वास,
मग जाळीतनं वाळक्या पाल्याचा तुकडा उडून
माझ्या मांडीवर,
मग पावलांवर ऊन वारं.
कुणी काही बोललं नाही पूल संपेपर्यंत.
मागनं अस्मिता म्हणाली,
"ते पॅकिंग तुमच्याच हातचं न्हवं, काका?"
दस्तगीरनं आरशातनं तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं.
"व्हय," म्हटलं.

बिलात कुलंट लिहिलं. मजुरीची ओळ कोरी.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला, कळ्याच्या पुढनं.
"बाळाक्का काय म्हणती म्हाईताय?
बंद कर रं ते, उकडाय लागलंय."
मागं कुणीतरी हसलं. मग रेंज गेली.

अस्मितानं तो डबा वर्तमानपत्रावर पालथा केला होता.
सोळा गंजके डोळे, मिटलेले.
एकेक ब्रशनं घासत ती विचारत होती,
हा कुणाच्या गाडीचा? आणि हा?