बाह्य परीक्षक

पेपर पहिला, प्रश्न दुसरा, गुण दहा:
पवित्रा म्हणजे काय ते सांगून
त्याचे प्रकार सोदाहरण स्पष्ट करा.
मी लिहिलं, पुस्तकात होतं तेच. स्थिर, चल, मिश्र.
आकृती काढली. पावलं पेन्सिलीनं,
अंगाचा भार बाणानं.
बाण सरळ आला. पट्टी होती.

परतूरला रेल्वे फाटकाच्या अलीकडं
हबीबभाईंचं गादीचं दुकान.
बोर्ड नाही. कापूस उडत असतो, तेवढी खूण पुरते.
पिंजणीची तार ते छेडायचे,
तुंई, तुंई, तुं
आणि मागच्या बोळात आम्ही पाच जण,
त्यात पोरगी मी एकटी,
त्या तारेवर पावलं टाकायचो.
तार थांबली की पाय जिथं असेल तिथं.
हवेत असला तर हवेत.
पहिला महिना काठी नाहीच.
"हात रिकामा ठेवायला शीक आधी,
भरायला काय, कुणीबी भरतं."

वारांची त्यांची नावं अशी होती:
तव्यावरची उचल.
म्हैस वळव.
उधारीवाला आला.
आणि शेजारीण डोकावली,
हा खांद्यावरून मागं जातो, न बघता.
हे मी कुठल्याच उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं की नको,
अजून ठरत नाही.

सहावं सेमिस्टर. मैदानावर चुन्याची फक्की,
ऊन अकराचं, काठी तापलेली.
बाह्य परीक्षक गळ्यात शिट्टी घालून
गुडघ्यावर गुणतक्ता धरून बसलेले.
मी सुरू केलं आणि
पुस्तकातलं सगळं संपल्यावरही पाय थांबेनात.
कुठंतरी तार वाजत होती.

"हा शेवटचा वार अभ्यासक्रमात नाही."
नाही सर.
"संदर्भ?"
शेख हबीब शेख मस्तान, गादीवाले.
"पुस्तकाचं नाव?"
ते बोळात शिकवतात सर.

ते काही बोलले नाहीत.
पेनाला टोपण लावलं. उठले.
माझ्या हातातली काठी घेतली
आणि शेजारीण डोकावली करून बघितलं,
साठीच्या खांद्यानं, हळू,
जुन्या घराच्या अंधारात बटण चाचपावं तसं.
"मनगट मोडू नका," मी बोलून गेले.
सगळी बॅच गप्प.
त्यांनी मनगट सरळ केलं.

पन्नासपैकी एकेचाळीस.

पदवीदानाला गेटवरच्या राखणदारानं
काठी ठेवून घेतली, चप्पलस्टँडाजवळ, टोकन देऊन.
भाड्याचा गाऊन घोट्यात येत होता.
नाव पुकारलं, खंदारे प्रणिता नामदेव,
मी चालत गेले.
डावा पाय आधी पडला.
कुणाच्या लक्षात आलं नसावं.

कागद घेऊन थेट दुकानात.
हबीबभाईंनी हात झटकले, तरी कापूस चिकटलाच,
राजमुद्रेवर एक बारीक तंतू.
त्यांना देवनागरी वाचता येत नाही.
सुरळी केली, तळहातावर तोलली.
"लांबी बरी हाय. वजन नाही."
मग विचारलं, नऊ कुठं कापले?
माहीत नाही, सांगितलं नाही कुणी.
"डावा पाय उशिरा येतो तुझा.
मला दहा वर्षं माहीत हाय.
म्हणजे त्यानं बघितलं.
फुकट नाही दिलं तुला कुणी."
आणि पुन्हा तार छेडायला लागले,
मंठ्याच्या गिऱ्हाइकाची दुलई संध्याकाळपर्यंत हवी होती.

जूनपासून कॉलेजात आहे,
तासिका तत्त्वावर. मानधन दिवाळीनंतर, म्हणतात.
पहिल्या तासाला सदतीस मुली,
ओढण्या कंबरेला बांधलेल्या.
काठ्यांचं कोटेशन अजून मंजूर नाही.
क्लार्क म्हणाला, मॅडम, तोवर थिअरी घ्या.

मी मुलींना मैदानात उभं केलं.
तार नव्हती.
जिभेनंच काढली: तुंई, तुंई,

एकीला हसू आलं. तिचा पाय हवेत होता.