चुन्याची डबी

रोपवेच्या मोजणीला परदेशी इंजिनिअर आला
त्र्यंबकच्या पुढे, आमच्या डोंगराखाली.
तिपाई बुधा झोल्याच्या खांद्यावर,
पाण्याचे कॅन माझ्या.

अर्ध्यात कातळावर टेकला, म्हणाला
(मी जमेल तसं मराठी केलं):
आमच्याकडचा डोंगर चुनखडीचा.
आधी समुद्राचा तळ होता,
शिंपल्यांचा चुरा साचून साचून उभा राहिला.
आता त्याच्या माथ्यावर हॉटेल आहे,
सात मिनिटांत वर.

बुधाने खिशातून डबी काढली,
तंबाखूला नखभर चुना लावला,
मळता मळता बोलला,
हा घ्या मग तुमचा डोंगर.
आमचा असा मळायला येत नाही.
विस्तू होता तो,
थरावर थर निवत गेला.

साहेब हसला. वहीत काहीतरी लिहिलं.
मग खडकावर लाल रंगाची फुली:
खांब नंबर चार.

तिथं करवंदीची जाळी आहे.
बुधाची बायको तिथलेच द्रोण भरून
घाटात गाड्यांना हात करते.

त्याने फुली बघितली.
तोंड भरलं होतं,
पण डोंगरावर तो थुंकत नाही.
तसाच, ओठ मिटून,
उतरला सगळा उतार.