दोन दिवसांची वाट

नकाशावर ही दोन दिवसांची वाट.
आज अकरावा.
बोदोहून निघताना ओडवार म्हणाला होता,
शुक्रवारी पोचू, किल्ली देऊ, पैसे घेऊ, सुटलो.
कुठला शुक्रवार, ते मी विचारलं नाही.

बोटीचं नाव तेर्ना.
एकाच सिलिंडरचं इंजिन, दमेकरी म्हाताऱ्यासारखं:
टुक् करतं, थांबतं, विचार करतं,
मग पुन्हा टुक्.
त्या दोन टुक्‌च्या मधल्या जागेत
आमचा चाळीस वर्षांचा संसार बसलाय.
कॉड माशाची खवलं, थोरल्याचं उलटी करणं,
आणि एक मोठं भांडण,
ज्याचं कारण दोघांनाही आठवत नाही
आणि जे अजून मिटलेलं नाही.

रोदोयला थांबलो अंड्यांसाठी.
धक्क्यावर लाकडी पेटी, पेटीत अंडी,
बरणीत सुटे पैसे. माणूस कुणी नाही.
ओडवारने आपले टाकले,
मग बरणीतले सगळे मोजले,
कुणीतरी कमी टाकलेत म्हणाला,
आणि पदरचे दोन क्रोनर वर घातले.
यात पाऊण तास गेला.

लोवुंदला डिझेल.
पंपावरचा पोरगा म्हणाला, आजोबा, टाकी भरलेलीच आहे.
असू दे. भर.

इथे जूनमध्ये दिवस मावळायचं नावच घेत नाही.
रात्री बारा वाजता सूर्य पाण्यावर टेकतो न टेकतो,
बसू की नको करणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि पुन्हा उठतो.
त्यामुळे ‘उद्या निघू’ म्हणण्यात
खोटं असं काही नसतं.
उद्या सुरूच होत नाही.

मधूनच फोन. गिऱ्हाईक. एस्किल नाव,
आवाजावरून तिशीचा.
‘वारा फार आहे,’ ओडवार सांगतो.
समोर समुद्र असा,
की डोंगर त्यात उलटे उभे
आणि एकाचीही कड हललेली नाही.
मी कॉफी ओतत राहते.
उभ्या जन्मात या माणसाला थाप मारता आली नाही.
जमली, तीही बोटीसाठी.

वेगाच्या बाहेरच्या अंगाला एक बेट,
तिथे बोरगिल्ड एकटी राहते, उन्हाळ्यापुरती.
रानटी बदकांसाठी तिने फळ्यांची घरं बांधलीत,
दारं वाऱ्याकडे पाठ करून.
बदकं येतात, अंडी घालतात, पिलं घेऊन निघून जातात.
घरट्यात पिसं राहतात, तेवढंच तिचं भाडं.
‘हात पुढे कर,’ म्हणाली.
मी मूठ मिटली तर मुठीत काही नव्हतं.
नुसती ऊब.
‘आणि नाहीच आली एखाद्या वर्षी?’ ओडवारने विचारलं.
‘घर झाडून ठेवायचं,’ ती म्हणाली,
आणि बटाटे उकडायला गेली.

तिथे तीन दिवस राहिलो.

ब्रॉनॉयसुंदच्या धक्क्यावर एस्किल उभा होता,
सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी, लाइफ जॅकेट आधीच घातलेली.
ओडवारने सगळं दाखवलं. व्हॉल्व्ह, पंप,
थंडीत इंजिनाला कसं गोंजारायचं.
एस्किल मान हलवत होता, पण ऐकत मुलगी होती.
‘हिच्यात खोट काही?’ शेवटी त्याने विचारलं.
‘डावीकडे ओढते जरा. किनारा दिसला की
थांबावंसं वाटतं तिला.’
‘करून घेऊ दुरुस्त.’
ओडवार काही बोलला नाही. मोजलेलेच पैसे
पुन्हा मोजत बसला.

परतीची बोट वेगवान. काचा बंद, खुर्च्या मऊ,
इंजिन कुठे आहे तेही कळू नये.
आमची अकरा दिवसांची बेटं
दुपारच्या झोपेत मागे पडली.
ओडवार जागा होता. तळव्यानं गुडघा दाबत,
जणू सुकाणूच.
एकाएकी म्हणाला, ‘थर्मास बोटीतच राहिला.’
निळा. झाकण फुटलेला.
‘आणायला हवा जाऊन.’
‘उद्या,’ मी म्हटलं.
बाहेर अकरा वाजले होते
आणि लख्ख ऊन होतं.