पाठकोरा

पत्र राजकारणाच्या खोक्यात नव्हतंच.
तिथे बिल्ले होते, विटलेल्या फिती,
मशालींच्या मिरवणुकीतल्या रॉकेलचं बिल,
आणि पैसे न मिळालेल्या बँडमास्तरचं तिसरं स्मरणपत्र,
भाषा पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळच खाली घसरलेली.

पत्र निघालं ‘साबण, मेणबत्त्या, लोणी’ या खोक्यात.
आमच्या कौंटीच्या संग्रहालयात, तळघरात,
जिथे सोमवारी भट्टी पेटवली की नळ ठोके देतात
आणि मी स्वेटरवर स्वेटर घालून नोंदी करते.

तारीख : ऑक्टोबर, अठराशे, मग उंदराचे दात, मग दोन.
अक्षर उजवीकडे कललेलं,
वाऱ्याविरुद्ध टोपी धरून चालणाऱ्या माणसासारखं.
सही नुसतीच ‘एल. एस.’
म्हणजे लेम्युएल स्ट्रेक. राष्ट्राध्यक्ष होता होता राहिलेला.
आता त्याच्या नावाचा एक ओढा आहे, तोही उन्हाळ्यात आटतो.

‘प्रिय टर्नक्विस्ट,
उमेदवाराने स्वतः मत मागणं शोभत नाही.
म्हणून मी ओसरीवर बसून आहे,
आणि काहीही मागत नाही
हे तू घरोघर जाऊन सांगावंस.
नदीपलीकडच्या जर्मनांना कळव, बिअरशी माझं भांडण नाही.
मेथडिस्टांना हे कळवू नकोस.
सोबत चाळीस डॉलर. कशासाठी, ते लिहीत नाही.’

मग एक ओळ खोडलेली.
नुसती रेघ मारून नाही; गिरगटून, निब मोडेपर्यंत.
दिवा आडवा धरला, कागदाच्या कडेला गाल टेकवला,
तेव्हा शाईखालचे ओरखडे उमटले :
‘अबायजा, मला हे हवं आहे.
इतकं हवं आहे की आरशात बघवत नाही.’

आणि तळाशी, दोनदा अधोरेखित :
‘वाचून जाळ.’

अबायजा टर्नक्विस्टने वाचलं असावं.
त्याच हिवाळ्यात त्याच्या घरावर पत्र्याचं छप्पर चढलं,
सदतीस डॉलर, पावती आमच्याकडे आहे.
जाळायचं तेवढं राहिलं.
कागद जाड होता, चांगल्यातला,
आणि पाठकोरा.

पाठीमागे थर्झा टर्नक्विस्ट, शिसपेन्सिलीने :
‘राख हिकरीची. पाइनची अजिबात नको.
राखेचं पाणी इतकं कडक, की अंडं तरंगावं
आणि त्याचा नाण्याएवढा तुकडा वर दिसावा.
चरबी सहा पौंड.
काठी ससाफ्रासची, ढवळणं एकाच दिशेने,
मध्ये दिशा बदलली की फाटतं.
डुकरं शनिवारी. साबण मंगळवारी,
पुरुषमाणसं मत द्यायला जातील, अंगण मोकळं मिळेल.’

त्या मंगळवारी अंगणात धूर असणार.
कढईपाशी ती, बाह्या दुमडलेल्या,
डोळ्यांतून पाणी, ते राखेचं.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं
आणि कढई सोडून तिला हलताही येत नव्हतं.

चरबीचा एक डाग कागदात आरपार मुरलाय,
मोठा, जवळजवळ ओहायोच्या आकाराचा.
तेवढ्या भागात कागद काचेसारखा झालाय.
खिडकीशी धरला तर दोन्ही बाजू एकदम दिसतात :
त्याचं ‘हवं आहे’
तिच्या ‘सहा पौंड’वर आडवं पडलेलं, उलटं.

कोबल साहेब म्हणतात, काचेच्या पेटीत ठेवू,
सही वर, शाळेची मुलं बघतील.
मी म्हटलं, ठेवू. पेटीखाली आरसा लावू का?
ते म्हणाले, आरशाला पैसे नाहीत.

स्ट्रेक आमच्या कौंटीत एकशे अकरा मतांनी हरला.
त्या रात्री ओसरीवर किती वेळ बसला, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

थर्झाने मात्र लिहिलंय,
कोपऱ्यात, नंतर कधीतरी, दुसऱ्या पेन्सिलीने, घाईत :
‘फार मऊ झाला. वडीच धरेना.
पुढच्या खेपेला मीठ जास्त.’