करून राहिलो

गोळीबार चौकात, सायकलच्या दुकानावर
दुसऱ्या माळ्याला आमचा वर्ग. सात ते साडेआठ.
मे महिना. कुलरमधलं पाणी संपलं की
मागच्या बाकावरचा निखाडे बादली घेऊन उठतो
आणि तेवढा वेळ गरम वाऱ्यावर
पुस्तकाची पानं आपोआप पुढच्या धड्यात जातात.

लांजेवार मॅडमनं फळ्यावर लिहिलं:
प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस.
खाली मराठीत: मी सकाळपासून काम करीत आलेलो आहे.
अकरा जण आम्ही. एकाच्याही तोंडात
हे वाक्य कधी राहायला आलं नव्हतं.
शबाना, मेडिकलमध्ये रात्रपाळी करणारी,
तीनदा म्हणून पाहती झाली, तिन्हीदा अडखळली.
निखाडे बादली ओतता ओतता म्हणाला,
"म्हणजे मॅडम, सकाळपासून काम करूनच राहिलो ना मी?"

खडू थांबला.
मॅडम फळ्याकडे बघत राहिल्या,
मग हसल्या, मग डस्टरनं
ते आलेलो-बिलेलो पुसून टाकलं.

मला पाचवीतला निबंध आठवला.
‘करून राहिलो’वर लाल रेघ, समासात ‘अशुद्ध’.
तेव्हापासून (सिन्स, कारण तिथून मोजायचं)
बँकेत, तहसिलीत, सासऱ्यापुढं
मी जिभेला इस्त्री करून ‘करत आहे’ म्हणत आलो.
तेहतीस वर्षं (फॉर, कारण एवढी लांबी).
आणि इथं परक्या व्याकरणात
त्याच्यासाठी एक खोली राखलेली,
दारावर पाटीसुद्धा.

घरचा अभ्यास: स्वतःची दहा वाक्यं.
मी वायरमन. मिहानच्या कंपनीत
सुपरवायझर व्हायचं तर ही परीक्षा पाहिजे.
गच्चीवर बसलो, पाय पाण्यात.
पहिली चार सोपी गेली. कुत्रं तासभर भुंकून राहिलं,
लाईट आठपासून ये-जा करून राहिली, वगैरे.
पाचवं आईचं.
आई दुपारपासून कांड्या भरून राहिली.
कांड्या नाहीत. चरखा नाही.
पदराचा दोरा ओढून ती बोटाभोवती गुंडाळते, सोडते,
पुन्हा गुंडाळते.
पुढच्या खोलीत माग होता तिथं आता फ्रीज आहे,
हे तिला कळतं. बोटाला कळत नाही.
बोट काही केल्या सिंपल पास्टमध्ये येत नाही.

सहावं लिहिलं: द लूम वॉज सोल्ड.
पॅसिव्ह मागच्याच आठवड्यात झाला होता.
कर्ता माहीत नसेल, किंवा तितका महत्त्वाचा नसेल,
तर गाळला तरी चालतो.
हा नियम मला इतका आवडला होता
की वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवला.

वही परत आली. दहापैकी नऊ.
पाचव्यात ‘दुपार’ला मी फॉर लावला होता,
मॅडमनं काट मारून सिन्स केलं.
सहाव्याला बरोबरची खूण
आणि बाजूला, पेन्सिलीनं, बारीक:
बाय हूम?

असेल, म्हटलं, सगळ्यांनाच विचारलेलं,
पुढच्या पायरीचा सराव.
निखाड्याची वही ओढून पाहिली. नव्हतं.
शबानाच्या वहीतही नव्हतं.
पराते नावाच्या माणसाच्या घरात माग असणार,
एवढं नागपुरात कोणीही ओळखतं म्हणा.

कुलर कोरडा घरघरला. आज बादली मी घेतली.
जिन्याखालच्या नळाशी ती भरेपर्यंत
वाक्य अॅक्टिव्हमध्ये वळवून पाहिलं.
कर्ता पुढं आणायचा. आय.
मग क्रियापद, अनियमित, पाठ केलेलं:
सेल, सोल्ड, सोल्ड.
आय, म्हटलं. परत म्हटलं, आय.
दुकानातून सायकलवाला ओरडला,
"काय करून राहिला बे?
पाणी वाहून राहिलं ना केव्हाचं!"